फवारणीचे नोझल : रचना, निवड आणि निगा

— ऊस विकास अधिकारी



शेतकी खात्याकडे येणारे सभासद बियाणे कोणते घ्यावे, खत किती टाकावे, तणनाशक कोणते मारावे हे हमखास विचारतात. परंतु "साहेब, नोझल कोणते लावू?" असे विचारणारा सभासद वर्षातून एखादाच भेटतो. औषधाला हजारो रुपये घालणारा माणूस पंपाच्या टोकाला असलेल्या त्या लहानशा वस्तूकडे बघतही नाही. वास्तविक औषध पिकावर पडणार, मातीत पडणार की शेजाऱ्याच्या बागेत जाणार, हे ठरविणारी वस्तू तीच आहे. म्हणून या अंकात नोझलची रचना कशी असते व आपल्या उसाला कोणते नोझल योग्य, याची माहिती देत आहे.

एका प्रसंगाने मला हा विषय शिकविला, तो आधी सांगतो. आपल्याच भागातील एक सुरू उसाचा प्लॉट होता. उसात वेलवर्गीय तण माजले होते. सभासदाने मला तणनाशकाचे प्रमाण विचारले व मी ते सांगितले. त्यांच्याकडे द्राक्षाचीही बाग असल्यामुळे पंप द्राक्षाचाच होता आणि नोझलही द्राक्षाचेच, बारीक धुके पाडणारे. मे महिन्यातली दुपार, वारा सुटलेला, औषध २,४-डी. बांधापलीकडे चुलत भावाची बाग होती व खरड छाटणीनंतरची कोवळी फूट निघालेली होती. आठवड्याभरात त्या बागेची नवी पाने पंख्यासारखी आखडली, शिरा जाड होऊन एकमेकींजवळ आल्या, शेंडे वळले. खरड छाटणीनंतरच्या त्या दोन महिन्यांतच पुढच्या हंगामाचे घड काडीत तयार होत असतात. म्हणजे नुकसान नुसत्या पानांचे झाले नाही, पुढच्या वर्षाच्या मालाचे झाले. दोन सख्खे शेजारी, एकाच आजोबांची नातवंडे, पुढे वर्षभर एकमेकांशी बोलली नाहीत. चूक सभासदाची होती तेवढीच माझीही होती. मी प्रमाण सांगितले, पण नोझल कोणते आहे व शेजारी काय आहे हे विचारले नाही.

आपल्या निफाड-दिंडोरीच्या बाजूला उसाचा बांध संपला की द्राक्ष किंवा टोमॅटो सुरू होतो. ही दोन्ही पिके २,४-डीला फार नाजूक आहेत. त्यामुळे नोझलचा हा विषय इतर जिल्ह्यांपेक्षा नाशिककरांना अधिक महत्त्वाचा आहे.

नोझल नेमके काय करते?

गळीत हंगामात कारखान्यावर गेलेल्या सभासदांनी स्प्रे पाँड पाहिला असेल. कंडेन्सरमधून आलेले गरम पाणी नोझलमधून हवेत उडवायचे, म्हणजे ते थंड होऊन परत वापरता येते. पुष्कळ कारखान्यांवर ही सोय असे किंवा आहे. पाणी हौदात नुसते सोडले तर लवकर थंड होत नाही, पण त्याचे थेंब केले की होते. कारण थेंब झाले की त्याच पाण्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. आणि जोराचा वारा असला की त्या पाँडचे तुषार रस्त्यावरच्या बैलगाडीवाल्यापर्यंत येतात, हेही आपण अनुभवले असेल. फवारणीचा सगळा फायदा आणि सगळा धोका या दोन गोष्टींत आला.

नोझल तीन कामे करते. एक, दर मिनिटाला किती पाणी बाहेर सोडायचे ते ठरविते. दोन, त्या पाण्याचे थेंब करते. तीन, ते थेंब कोणत्या आकारात पसरवायचे ते ठरविते.

थेंब कसे होतात? घरातला नळ अगदी बारीक सोडून पाहा. वरची धार अखंड दिसते, पण खाली जाता जाता तिचे मणी होतात. पाण्याला स्वतःला आखडून घेण्याची ओढ असते, म्हणून लांब धार टिकत नाही, तुटते व गोल थेंब होतात. इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७८ साली याचे गणित मांडले. नोझलमध्ये हेच काम घाईने करून घेतले जाते. दाबाखालचे पाणी पातळ पडद्यासारखे पसरविले जाते, तो पडदा काठाशी फाटतो, त्याच्या दोऱ्या होतात व दोऱ्यांचे थेंब होतात. पडदा जितका पातळ तितका थेंब बारीक.

मुख्य तीन प्रकार

(१) पोकळ शंकूचे नोझल. यालाच हॉलो कोन म्हणतात. याची टोपी उघडली तर आत एक गोल चकती व तिच्या मागे तिरप्या खाचांची दुसरी चकती दिसेल. तिरप्या खाचांतून येणारे पाणी मधल्या पोकळीत भोवऱ्यासारखे गरगर फिरते व भोकातून बाहेर पडताना सर्व बाजूंना फेकले जाते. मध्ये हवा राहते, म्हणून जमिनीवर रिंगण पडते. थेंब बारीक असतात व वेगवेगळ्या दिशांनी जातात, त्यामुळे ते पानाच्या खालच्या बाजूलाही पोहोचतात. कीटकनाशक, बुरशीनाशक व पानावरून द्यायची खते यासाठी हे नोझल उत्तम. दाब ३ किलो किंवा त्याहून अधिक लागतो.

या कल्पनेचा इतिहासही कपाशी व द्राक्षाशीच जोडलेला आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेत कपाशीवरच्या अळीसाठी कीटकशास्त्रज्ञ रायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे भोवऱ्याचे नोझल वापरात आणले. त्याच दशकात फ्रान्समध्ये द्राक्षावरच्या केवड्यासाठी बोर्डो मिश्रण निघाले आणि तेथील व्हेर्मोरेल यांच्या पाठीवरच्या पंपाला याच जातीचे नोझल बसले. आज आपल्या द्राक्षबागेत फिरणाऱ्या ब्लोअरवरची नोझल याच कुळातील आहेत.

(२) पट्टी पंख्याचे नोझल, म्हणजे फ्लॅट फॅन. याचे भोक गोल नसून लांबट, बदामी असते व त्यावर आडवी खाच असते. दोन बाजूंनी आलेले पाणी भोकाशी एकमेकांवर आदळते व पंख्यासारखा सपाट पडदा बाहेर पडतो. जमिनीवर सरळ पट्टा पडतो. पट्ट्याच्या मध्यावर पाणी जास्त व कडांना कमी पडते. म्हणून दांड्यावर चार-सहा नोझल लावायची झाल्यास एकाच्या कडेवर दुसऱ्याची कड चढवावी लागते. नोझलवर ८० किंवा ११० असा आकडा असतो, तो पंख्याचा कोन. अर्धा मीटर उंचीवरून ८० अंशाचा पट्टा सुमारे ८४ सेंटिमीटर, तर ११० अंशाचा सुमारे १४० सेंटिमीटर पडतो. दाब साधारण २ ते ३ किलो. तणनाशकासाठी हे योग्य.

(३) पूरझोताचे नोझल, म्हणजे फ्लड जेट. यात गोल भोकातून निघालेली धार समोरच्या तिरप्या गुळगुळीत पृष्ठभागावर आपटते व रुंद पसरते. चुलीजवळच्या घंगाळात लोट्याने पाणी ओतताना मध्ये हात धरला की पाणी जसे पसरते, तसेच हे. दाब १ ते दीड किलो पुरतो, थेंब मोठे, पट्टा रुंद. उगवणीपूर्व तणनाशक मातीवर मारायचे तर हे चांगले काम देते.

याशिवाय हवा खेचणारे नोझलही आता बाजारात मिळते. त्याच्या अंगाला बारीक छिद्रे असतात. आत पाण्याचा वेग वाढल्याने बाहेरची हवा ओढली जाते व थेंब मोठे, फुगलेले होतात. ते वाऱ्यावर कमी उडतात. मात्र याला दाब जास्त लागतो, त्यामुळे साध्या हातपंपावर त्याचे काम नीट होत नाही.

थेंबाचा हिशेब

थेंब मायक्रॉनमध्ये मोजतात. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. आता ४०० मायक्रॉनचा एक थेंब घ्या. तेवढ्याच पाण्यात २०० मायक्रॉनचे ८ थेंब होतात आणि १०० मायक्रॉनचे ६४ होतात. म्हणूनच मावा किंवा बुरशी यांसाठी बारीक थेंब हवा, कारण एकाच थेंबाच्या पाण्यात चौसष्ट ठिकाणी औषध लागते.

पण दुसरी बाजूही बघा. अर्ध्या मीटर उंचीवरून ४०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात जमिनीवर येतो. १०० मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे दोन सेकंद लागतात. २० मायक्रॉनचा थेंब चाळीस सेकंदांच्या आसपास हवेत तरंगतो. ताशी ८ किलोमीटरचा, म्हणजे झाडाची पाने हलविणारा साधा वारा असला, तरी पहिला थेंब पाऊण मीटर सरकतो, दुसरा चार मीटरच्या पुढे जातो आणि तिसरा ८०-९० मीटरवर जातो, म्हणजे बांध ओलांडून शेजाऱ्याच्या बागेत. आता तुम्ही म्हणाल, एवढासा थेंब काय करणार? कीटकनाशकाचा असता तर कदाचित काही केले नसते. पण २,४-डी हे वाढीच्या रसासारखे काम करणारे औषध आहे, आणि द्राक्षाच्या कोवळ्या फुटीला त्याचा नुसता अंशही पुरतो.

दाबाचा गैरसमज

पुष्कळांची समजूत आहे की दाब दुप्पट केला की पाणीही दुप्पट पडते. तसे नाही. पाणी दुप्पट करायचे तर दाब चौपट लागतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पिवळ्या रंगाचे नोझल ३ किलो दाबावर मिनिटाला सुमारे ८०० मिलिलिटर पाणी देते. त्याचा दाब पाऊण किलोवर आणला तर पाणी निम्मे, म्हणजे ४०० मिलिलिटर होते. याउलट पाणी वाढावे म्हणून दाब वाढवत गेलात, तर पाणी थोडेच वाढते, थेंब मात्र बारीक होऊन धुके पडते. म्हणून पाणी जास्त हवे असेल तर दाब वाढवू नये, मोठ्या भोकाचे नोझल बसवावे. या मानकाप्रमाणे नारिंगी, हिरवे, पिवळे, निळे, लाल असा चढता क्रम आहे. ३ किलो दाबावर निळे सुमारे १२०० व लाल सुमारे १६०० मिलिलिटर देते. पितळी नोझलला रंग नसतो, तेथे मापूनच पाहावे लागते.

हातपंपाचा दाब माणसाच्या हातावर असतो, दमला की कमी होतो. बॅटरीच्या पंपाचा दाब बराचसा एकसारखा राहतो. आणि द्राक्षाचा एचटीपी पंप व गन तर कितीतरी अधिक दाबाची. तिने उसात तणनाशक मारणे म्हणजे शेजाऱ्याशी भांडण विकत घेणे होय.

गुंठ्याचे माप

एकरी पाणी किती पडते हे प्रत्येकाने एकदा तरी मोजावे. त्यासाठी मोठे गणित नको. आपली चार फुटी सरी धरा. चार फूट रुंदीचा पट्टा २७२ फूट चाललात की एक गुंठा होतो. पंपात मोजून साधे पाणी घ्यावे, नेहमीच्या चालीने २७२ फूट फवारावे व किती पाणी संपले ते पाहावे. आलेल्या आकड्याला चाळीसने गुणले की एकरी पाणी निघाले.

उदाहरण घेऊ. एका सभासदाला हे अंतर चालायला अडीच मिनिटे लागतात व त्याचे नोझल मिनिटाला १६०० मिलिलिटर देते. गुंठ्याला ४ लिटर झाले, एकरी १६० लिटर. पंप १५ लिटरचा असेल तर सुमारे पावणेअकरा पंप लागतील. पण हाच सभासद सवयीने "एकराला आठ पंप" असे धरून एकराच्या औषधाचे आठ भाग करतो व प्रत्येक पंपात एक भाग टाकतो. प्रत्यक्षात एकरात पावणेअकरा पंप गेले, म्हणजे औषध तिसऱ्या हिश्श्याने जास्त पडले. पैसा गेला, उसाला चटका बसला आणि पुन्हा दोष औषधाला. याउलट घाईने चालणाऱ्याच्या शेतात औषध कमी पडते व तण राहते. उगवणीपूर्व तणनाशकाला साधारण हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे एकरी २०० लिटर पाणी सांगितले जाते. तेवढे पाडायचे तर गुंठ्याला ५ लिटर यायला हवे. न आल्यास नोझल मोठे घ्यावे किंवा चाल कमी करावी.

झिजलेले नोझल

नोझलचे भोक औषधाने झिजते. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीने तर जास्तच, कारण ती पॉलिश कागदासारखे काम करते. पितळ लवकर झिजते, स्टेनलेस स्टील त्याहून टिकते व सिरॅमिक सर्वांत जास्त टिकते. झीज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला एक मिनिट पाणी मापाच्या भांड्यात धरावे. नव्याला ८०० मिलिलिटर येत होते आणि आता ८८० किंवा अधिक येते, म्हणजे दहा टक्के वाढले, तर ते नोझल फेकून द्यावे. नव्या नोझलची किंमत औषधाच्या बाटलीपुढे किरकोळ असते.

नोझल तुंबले तर तार, टाचणी किंवा बाभळीचा काटा घालू नये. एका ओरखड्याने पट्टा कायमचा वाकडा होतो. तोंड लावून फुंकणे तर जिवाशी खेळ. जुना दात घासायचा ब्रश व साधे पाणी वापरावे. टाकीच्या तोंडाची व दांडीतली चाळणी "पाणी कमी येते" म्हणून काढून टाकणारे सभासद मी पाहिले आहेत. चाळणी काढली की नोझल तुंबणारच.

कोणत्या कामाला कोणते?

उगवणीपूर्व तणनाशक : पूरझोत किंवा पट्टी पंखा, कमी दाब, मातीत ओल असताना, मागे मागे सरकत, फवारलेली जमीन न तुडवता.

उगवणीनंतरचे तणनाशक : पट्टी पंखा, त्यावर हूड लावून, नोझल खाली धरून, फक्त तणावर. दांडी डावी-उजवीकडे हलवू नये, कारण त्याने पट्टा नागमोडी पडतो व मध्ये मध्ये तण राहते.

कीड, बुरशी व पानावरील खते : पोकळ शंकू. लोकरी मावा २००२ साली आपल्या राज्यातील उसावर आला, तेव्हा पानाच्या वरून पट्टी पंख्याने फवारणाऱ्यांना गुण आला नाही, कारण मावा पानाच्या खाली बसतो. मात्र डिफा व मायक्रोमस हे मित्रकीटक प्लॉटवर असतील तर फवारणीची घाई करू नये.

हुमणीसाठी आळवणी : येथे थेंब नकोच. नोझल काढून धार बुंध्याशी सोडावी.

ऊस डोक्याच्या वर गेल्यावर पाठीवरच्या पंपाने आत शिरून फवारू नये. औषध अंगावर व नाकातोंडात येते. २०१७ साली विदर्भात, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यात, कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मजूर आपला असो वा टोळीचा, हातमोजे, मास्क व अंगभर कपडे दिल्याशिवाय त्याच्या पाठीवर पंप देऊ नये.

ड्रोनने फवारणी आता सुरू झाली आहे. केंद्र शासनाने तिची कार्यपद्धती डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केली. उंच उसात तिचा उपयोग आहे. पण ड्रोनचे पाणी थोडे, थेंब बारीक आणि उंची जास्त, त्यामुळे वर सांगितलेला वाऱ्याचा हिशेब तेथे अधिकच कडक लागू होतो.

द्राक्षबागेशेजारी ऊस असेल तर

एक, २,४-डी वापरूच नये. विशेषतः एस्टर प्रकारचे औषध उन्हात जमिनीवरून, पानावरून वाफ होऊन उठते व मग सरकते. तेथे कोणतेही नोझल तुम्हाला वाचवू शकत नाही. बांधालगतच्या सऱ्यांत खुरपणी, आंतरमशागत व पाचटाचे आच्छादन हाच उपाय धरावा.

दोन, इतर तणनाशकही वारा बागेकडून आपल्याकडे येत असतानाच मारावे. दुपारचे ऊन व जोराचा वारा टाळावा. त्याचप्रमाणे थंडीतल्या पहाटे धुके जमिनीलगत बसलेले असते व पानही हलत नाही, तेव्हाही मारू नये. अशा वेळी बारीक थेंब खाली न बसता धुक्याबरोबर तरंगत लांब जातात. हलकी झुळूक असलेली सकाळ चांगली.

तीन, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा व त्यावर लाल पट्टा मारावा. टाकी कितीही धुतली तरी रबरी नळीत, वायसरात औषध राहते. हाच पंप उद्या द्राक्षावर गेला तर स्वतःच्याच हाताने स्वतःची बाग जाळल्यासारखे होईल.

चार, फवारणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगावे. फोनला दोन मिनिटे लागतात.

वर उल्लेखिलेले दोघे भाऊ आता बोलू लागले आहेत. थोरल्याने बांधालगतच्या सऱ्यांत पाचट पसरले आहे व पंपावर लाल पट्टा मारला आहे. परंतु गेलेला हंगाम परत आला नाही.

सभासदांनी आपला पंप, आहे त्या नोझलसह, लागणीपूर्वी गट कार्यालयात आणावा. एक मिनिटाचे माप घेऊन नोझल ठेवायचे की बदलायचे ते तिथल्या तिथे पाहू. औषधाचे प्रमाण लेबलाप्रमाणेच घ्यावे. आणि यापुढे आपण मला तणनाशक विचाराल, तेव्हा मीही आपल्याला दोन प्रश्न विचारणार आहे : नोझल कोणते, आणि बांधापलीकडे काय?